मास्तर मशीनवर बसत नसतात

विश्वेश्वर मास्तरांनी नादारीचा अर्ज केला, तेव्हा बंगळुरात चिकपेटेतल्या आमच्या मंडळींना पहिला प्रश्न पडला तो असा, की कोर्टात उभं राहायला मास्तर कोणता सूट घालणार. माणूस बुडाला तरी इस्त्रीसकट बुडेल, अशी त्यांची ख्याती होती.

बुडाले ते खाकीपायी. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यानं चारशे गणवेश सांगितले. मास्तरांनी बँकेचं कर्ज काढलं, विजेवरची आठ मशिनं घेतली, कापड उधारीवर उचललं. शेवटचं बटण लागलं त्याच आठवड्यात कारखान्याला टाळं लागलं. प्रत्येक खिशावर कारखान्याचं नाव भरलेलं. तो शर्ट घालणार कोण? शेजारच्या उमाकांतनं कौतुकानं एक घातला, तर बसमध्ये दोन कामगारांनी त्याला गाठून थकलेला पगार मागितला.

शहाण्णव सालापर्यंत देणं अडीच लाखांवर गेलं. वेणुगोपाल वकिलांनी समजावलं, "कोर्टाला शरण जा, मास्तर. असेल ते कोर्टानं नेमलेला रिसीव्हर विकेल, घेणेकऱ्यांना वाटेल. पुढं कोर्टाच्या मनात आलं तर उरलेल्या कर्जातून सुटका. मात्र भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, घरच्या अक्कांचं मंगळसूत्र आणि हातानं पोट भरणाऱ्याची हत्यारं, एवढ्याला कुणी हात लावत नाही."

आठ मशिनं गेली. बनशंकरीच्या दोन खोल्यांत राहिलं ते वडिलांच्या वेळचं, पायानं चालवायचं एक. मास्तर आणि त्यांची बायको कस्तुराबाई, दोघांच्या तोंडात घास पडत होता तो त्याच्यावर. बँकेनं तेही मागितलं, आणि तारीख लागली.

आता या धंद्याची एक रीत आहे. कापतो तो मास्तर, शिवतो तो कारागीर. मास्तरांच्या गळ्यात टेप, हातात कात्री. त्यांनी मशीनवर बसायचं म्हणजे लग्न लावायला आलेल्या भटजींनी पंगतीची खरकटी काढायची. अठरा वर्षं मास्तर बसले नव्हते. गेली दोन वर्षं मात्र दार लावून सकाळ-संध्याकाळ ब्लाउज शिवत होते, साड्यांना फॉल लावत होते. गिऱ्हाइकांना वाटे, अक्का शिवतात.

बँकेचे वकील नरसिंहराव. त्यांनी उलटतपासणीला उभं राहताच आधी आपला काळा कोट पुढून नीट ओढला.

"ह्याला ओळखलंत का, मास्तर?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मास्तरांचा चेहरा उजळला. "न ओळखायला काय झालं? शहात्तर सालचा. तुमचा उजवा खांदा स्वल्प उतरता, म्हणून आत कॅनव्हास जास्त घातलाय."

जज्जसाहेबसुद्धा चष्मा सावरून खांदा बघायला लागले.

"वीस वर्षं झाली, टाका हलला नाही. कापला कुणी?"

"मी!"

"आणि शिवला?"

"आमच्या कारागिरानं."

"म्हणजे एवढे मोठे मास्तर मशीनवर…"

"छे हो! मास्तर मशीनवर बसत नसतात."

वेणुगोपाल वकिलांच्या हातातलं पेन थांबलं. जज्ज भला माणूस होता. तो कन्नडमधून सावकाश म्हणाला, "स्वल्प विचार करून सांगा. घरी आहे ते मशीन कोण चालवतं?"

मागच्या बाकांवर जातीतली सहा-सात माणसं मान उंचावून बसली होती. 'मीच, साहेब' हे दोन शब्द मास्तरांच्या गळ्यापर्यंत आले. बाहेर पडले ते दुसरेच.

"बायको चालवते. विरंगुळा म्हणून."

दुपारी हुकूम झाला. कात्री आणि टेप ही मास्तरांच्या पोटाची हत्यारं, ती त्यांच्याकडे राहावीत. मशीन विरंगुळ्याचं, ते रिसीव्हरनं न्यावं. कर्जातून सुटकेचं विक्रीनंतर बघू.

व्हरांड्यात कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या, "विरंगुळा?"

"अगं, सगळे बसले होते समोर."

"बसले होते खरे. त्यांतलं कोण तांदूळ पाठवणार आहे आपल्याला?"

मास्तर वकिलांकडे वळले. "सर, आता खरं सांगितलं तर?"

"शपथेवर बोललात, मास्तर. आता उलटलात तर खोटी साक्ष दिली म्हणून सुटकाच अडवतील. देवानं तोंड दिलं, ते तुम्ही बँकेच्या बाजूनं वापरलंत."

गुरुवारी रिसीव्हरचा कारकून मंजुनाथ दोन हमाल घेऊन आला. मशीनच्या सुईखाली निळा ब्लाउज अडकलेला होता.

"अण्णा, कापड काढून घ्या. यादीत नाही ते."

"स्वल्प थांबा. एवढी एक बाही."

मास्तर बसले. पायाला लय सापडली. बाहीचा गोल त्यांच्या बोटांखालून असा फिरला, की हमाल विडी पेटवायची सोडून बघत राहिले. दोरा तोडून मास्तरांनी ब्लाउज झटकला.

"अय्यो, अण्णा!" मंजुनाथ म्हणाला. "एवढा हात आहे, तर कोर्टात का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी पट्टा उतरवला, मशीनचं डोकं आत कसं दुमडायचं ते हमालांना दाखवलं, आणि सांगितलं तिथं सही केली. रिक्षाटेम्पो वळणापलीकडे गेला.

संध्याकाळी राजलक्ष्मी ब्लाउज न्यायला आली. तिचे अजून तीन ब्लाउज कापून ठेवलेले होते. कस्तुराबाईंनी निळा तेवढा घडी करून दिला, आणि बाकीचे तुकडे जुन्या पदराच्या चिंधीत बांधून तिच्या हातात ठेवले.

"हे काय, अक्का? शिवणार नाही?"

"माझा हात धरलाय गं. डॉक्टर म्हणाला, शिवणं बंद कर."

"अय्यो! मग मास्तरांना सांगा की. एवढे मोठे मास्तर!"

"ते कशाला बसतील मशीनवर?" कस्तुराबाई म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.

आत मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. हात तसा धडधाकट होता; दोघांचाही.