आत्याचा आखूड दोर

आत्याला पोहता येत नव्हतं, आणि ती शिडाच्या होडीत राहायची. नवा माणूस हे ऐकून हसायचा. आत्या हसायची नाही. तिला पाण्याची भीती वाटायची, आणि तीही उठल्यापासून झोपेपर्यंत. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं साडी सोडून सलवार-कमीज धरला तेव्हा आमच्या निफाडच्या नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. आत्यानं कारण सांगून टाकलं, "बुडताना साडी पायात येते." पुढे कुणी विषय काढला नाही.

हे सगळं आतोबांमुळे. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं गाडी घेतात, गावाकडे द्राक्षबाग लावतात. आतोबांनी मुंबईहून एक जुनी लाकडी होडी घेतली, ट्रकवर घालून कसारा घाट चढवली आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्यात उतरवली. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. परवानगी कशी मिळवली ते तेच जाणोत. "वर्षभर राहून बघू," म्हणाले आणि कॉलेज रोडच्या फ्लॅटला कुलूप लावलं. तू कशाला गेलीस, असं मी एकदा आत्याला विचारलं. ती म्हणाली, "हे एकटे तिथं राहिले असते तर घरी बसून माझा जीव गेला असता. इथं निदान डोळ्यांसमोर घाबरता येतं."

होडी आतोबांची, पण ती टिकली आत्याच्या भीतीवर. सकाळी चहाच्या आधी ती तळाची फळी उचलायची, कोपरापर्यंत हात घालायची आणि ओली बोटं नाकाशी न्यायची. कुबट वास आला तर जुनं साठलेलं पाणी. वास नसला तर नवं, म्हणजे गळती. मग पंपानं उपसायचं, फट शोधायची, तिच्यात कापूस ठासून वर राळ लावायची. आतोबा तोवर वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. शिडाला टाके आत्याचेच, दुहेरी दोऱ्याचे. स्टोव्ह तारेनं बांधलेला, कप खिळ्यांना टांगलेले. उन्हाळ्यात पाणी ओसरून होडी चिखलात कलली की मात्र ती जरा निवायची. तळ खरवडून रंग देताना चक्क गुणगुणायची. एरवी रविवारी मी काठावरून "कशी आहेस?" असं ओरडले की उत्तर यायचं, "अजून तरी कोरडी."

तिची एक सवय आतोबांना मुळीच पटत नसे. होडीचं पुढचं टोक तळाशी सोडलेल्या सिमेंटच्या जड ठोकळ्याला बांधलेलं असायचं. वारा सुटला की आत्या तो दोर ओढून ओढून आखूड करायची आणि गाठीवर गाठ मारायची. आतोबा म्हणायचे, "अगं, धरणाचं पाणी चढतं-उतरतं. दोराला ढील हवी." "ढील दिली की होडी गेली, आणि होडीबरोबर तुम्हीही," असं म्हणून ती आणखी एक गाठ मारायची.

एका ऑगस्टमध्ये धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबककडे पाऊस कोसळत होता. आतोबांना ताप भरलेला, छाती कफानं भरून आलेली, उठून बसायचीही ताकद नाही. मी औषधं घेऊन गेले. मला पोहोचवणारे निवृत्तीबाबा तिथलेच, मासे धरणारे. त्यांच्या छोट्या होडीत आडवा माणूस मावण्यासारखा नव्हता. "ताई, पानी लय चढतंय," ते मला म्हणाले. "आतोबाला आजच काठावर घ्या. मी मोठी होडी अन् मानसं घिऊन येतो." आणि ते गेले.

थोड्या वेळानं आतोबांच्या उशाजवळचा तांब्या आपोआप पुढे घसरला. मग एक डबा घरंगळला. आत्यानं फळी उचलली, तर पुढच्या बाजूला हातभर पाणी. तिचा चेहरा पांढरा पडला. ती पंप मारत राहिली, मी फटी चाचपत राहिले. गळती कुठेच सापडेना. बाहेर डोकावले तर होडीचं नाक पाण्यात गेलेलं आणि लाटा त्याच्यावरून थेट आत येत होत्या.

"दोर," आतोबा पडल्या पडल्या म्हणाले. "पाणी चढलंय आणि दोर होडीला खाली ओढतोय. काप तो."

"वारा आहे. होडी वाहून जाईल."

"जाऊ दे. काप."

गाठी ताणानं दगड झालेल्या, त्याही पाण्याखाली. आत्यानं भाजीची सुरी घेतली आणि ती पोटावर सरपटत पुढे गेली. मी मागून तिचे घोटे धरून ठेवले होते. ती काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल म्हणून मी कान दिला, तर ती दोराला शिव्या देत होती. दोर तुटला तसं होडीचं नाक इतकं उसळलं की आत्या माझ्या अंगावर येऊन आदळली. होडी मोकळी सुटली. कुठं जाऊन आपटणार, कळत नव्हतं. आत्या आत गेली आणि आतोबांचा हात घट्ट धरून, डोळे मिटून बसली. शेवटी वाऱ्यानं आम्हाला काठच्या अर्ध्या बुडालेल्या बाभळींत नेऊन अडकवलं. निवृत्तीबाबा माणसं घेऊन तिथंच आले.

आतोबा त्या दुखण्यातून वाचले. पुढे आणखी काही पावसाळे दोघं होडीवरच राहिली. दोराला आता ढील असायची. होडी वाऱ्याबरोबर फिरत राहायची आणि आत्या तिच्या प्रत्येक वळणाला दचकायची. दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात आतोबा झोपेतच गेले. आत्या कॉलेज रोडच्या फ्लॅटवर परतली, तिसऱ्या मजल्यावर. आता तरी सुखानं राहील, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी मी तिच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, घरभर गॅसचा वास, आणि आत्या खुर्चीत शांत बसलेली. मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"अगं आत्या, वास येत नाही का तुला? भीती नाही वाटत?"

"येतोय की," ती म्हणाली. "भीती नाही वाटत गं. आता कुणासाठी वाटायची?"

न घाबरलेली आत्या मी पहिल्यांदाच पाहत होते. मी घरी फोन केला आणि आता मी इथंच राहते आहे, असं सांगितलं.