जखमी हरणाचा शोध

शुक्रवारी आम्ही आखातातल्या आमच्या अल् घुब्र्याहून वाळवंटात सहलीला गेलो होतो. तिथे चोरट्या शिकाऱ्यांची गोळी लागून पळालेलं हरीण रक्षक शोधत होते. त्यांच्यासाठी ड्रोन उडवणारा माणूस रत्नागिरीकडचा निघाला. मान वाकवून, रिमोटच्या पडद्यावरून नजर न हटवता तो अंगठ्यांनी ड्रोन हळूहळू पुढे सरकवत होता.

“खलास, आता मिळायचं नाही,” एक रक्षक म्हणाला.

ड्रोनवाल्यानं बॅटरी बदलली. मग मला म्हणाला, “गावाला आम्ही डुकराच्या शिकारीला जायचो. जखमी जनावर रानात सोडून आलं, तर बापूस घरात घेत नसे.”

अखेर एका बाभळीखाली हरीण दिसलं. ते कान हलवत होतं. रक्षकांनी ते अलगद उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

“आता चहा घशाखाली उतरेल,” म्हणत ड्रोनवाला आमच्या चटईवर येऊन बसला. इतक्या समाधानानं चहा पिणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.