रिपोर्टच्या दोन प्रती

तळेगावच्या दवाखान्यात आंदर मावळातले एक आबा बाकावर माझ्या शेजारी होते. मी काही विचारलं नव्हतं. मांडीवरची चिकटपट्टी धोतरावरून चाचपत ते म्हणाले, "भूल झेपंल का न्हाई ते बगत्यात. आता त्यासाटी मांडीचं मांस कापत न्हाईत, सुईवर भागतं. भाऊ माजा ऑपरेशनला भुलीतच तापानं फणफणून वारला. वैनीनं सकाळी चहा पाजलेला, म्हणून आमी तिलाच बोल लावला. वीस वर्सं तिच्या हातचा चहा घेतला न्हाई."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आबा, भावाला दिली ती भूल तुम्हालाही चालणार नाही. दोष घराण्याच्या रक्तातच आहे."

आबांनी टोपी नीट केली.

"रिपोर्टच्या दोन प्रती द्या."

"दुसरी कशाला?"

"वैनीला. चहा बी तितंच घीन." उठता उठता म्हणाले, "दिला तर."