मोठ्यांपुरती शांतता

एच. डी. कोटेजवळ, कबिनी नदीच्या काठी एक रिसॉर्ट आहे. तिथे लहान मुलांना प्रवेश नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना म्हैसूरहून तिथे धाडलं.

नाश्त्याला शेजारच्या टेबलावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. आमचं मराठी ऐकून त्यांनी खुर्ची फरशीवरून करकरत आमच्याकडे ओढली. "पोरं नसतात म्हणून मी इथेच येतो. शांतता कशाशी खातात, हे पोरांना ठाऊक नसतं!" हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की डोसे घालणाऱ्यानेही वळून पाहिलं. आम्हीही नातीला घरी ठेवूनच आलो होतो, म्हणून मी मान डोलावली.

मग डोसा कुरकुरीत नाही म्हणून ते रुसले. दुसरा आला, तर माझ्या बायकोचा मोठा कसा, म्हणून भांडले. सफारीच्या जीपमध्ये पुढच्याच जागेसाठी अडून बसले.

"अय्यो, ह्यांचं वय कुणी तपासलं नाही का हो?" बायको माझ्या कानात म्हणाली.

संध्याकाळी पलीकडच्या तीरावर एक हत्तीण पिल्लाला घेऊन पाण्यावर आली. सगळे गप्प झाले. ह्यांनी मात्र घरी ठेवलेल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि ओरडले, "बघ, बघ! हत्तीचं पिल्लू!"

फोनमधून कुजबुजता आवाज आला, "आजोबा, हळू बोला ना. ते घाबरेल."

तोवर हत्तीण पिल्लाला घेऊन झाडीत शिरली होती. आम्ही सगळी मोठी माणसं रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो.