गणपतरावांना न दिसलेला वाघ

गणपतरावांविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. त्यांच्या आणि माझ्या अंगणांमध्ये एक बुटकी भिंत होती. तिच्यावरून आम्ही वर्षानुवर्षं बोललो, पण मी त्यांना ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. एका गोष्टीचा तर मला अजून उलगडा झालेला नाही. तीच लिहितो.

गणपतराव लकडगंजातल्या एका आरागिरणीत नोकरीला होते. जंगलात लिलाव झाला की जाऊन साग घ्यायचा आणि इथे आणून चिरून विकायचा, हे त्यांचं काम. माणूस सरळ. फळीत भेग असली तर गिऱ्हाइकाच्या आधी तेच तिच्यावर बोट ठेवत. गिरणीमालकाने मोडीत काढलेली एक जीप त्यांनी घरी आणली होती आणि दर हिवाळ्यात ती घेऊन ते वाघ पाहायला जात.

"जन्मभर त्याच्या घरातलं लाकूड आणून राहिलो," ते म्हणत, "पण घरमालक काही भेटला नाही."

त्यांच्या पत्नी, प्रेमिलावहिनी, जीपवर खार खाऊन होत्या. गणपतरावांची कंबर धरलेली असे आणि धंतोलीतल्या डॉक्टरांनी जीप चालवायची नाही असं बजावलं होतं. शेवटी वहिनींनी त्यांच्याकडून देवासमोर वचन घेतलं, की ज्या दिवशी वाघ दिसेल त्या दिवशी आहे तिथून मागे फिरायचं आणि जीप विकून टाकायची. गणपतराव आनंदाने हो म्हणाले. वाघ दिसतो कुठे?

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांनी वहिनींनाही बरोबर यायला तयार केलं. आधी ताडोबा, मग नवेगाव, तिथून रायपूरवरून थेट पुरीचा समुद्र. वहिनींनी समुद्र पाहिलेला नव्हता.

"नवेगावच्या तलावाहून मोठा असन काय जी, भाऊजी?" त्यांनी मला भिंतीवरून विचारलं.

मीही पाहिलेला नव्हता. "असावा," मी म्हणालो. मागची सीट रिकामी होती म्हणून मलाही घेतलं.

ताडोब्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांबूच्या बनातल्या कच्च्या रस्त्याने चाललो होतो. गणपतरावांनी एकदम ब्रेक दाबला. पुढे रस्त्यावर वाघ उभा होता. निदान मला तरी तो वाघच वाटला. त्याला घाई नव्हती. त्याने जीपकडे पाहिलं, मान वळवली आणि पलीकडच्या गवतात शिरला. इंजिन बंद पडलं होतं.

मी गवताकडे बोट दाखवलं. म्हणालो, "पाहिलात?"

"काय?" गणपतराव म्हणाले.

"वाघ!"

"कुठं गा?"

"अहो, समोर! मग ब्रेक कशाला लावलात?"

"गिअर अडकून राहिला." आणि त्यांनी तो दोनदा हलवून दाखवला.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. "मी तं डबा पाहून राहिली होती," त्या म्हणाल्या. डबा त्यांच्या पायाशी होता आणि फडक्यात घट्ट बांधलेला होता. "सांबर असन, भाऊजी. तुमचा चष्मा जुना झाला."

गणपतरावांचं मी समजू शकत होतो. वाघ दिसला असता तर जीप गेली असती. पण तेवढ्यासाठी खोटं बोलणारा हा माणूस नव्हता. आणि वहिनींना तर जीप घरातून जायलाच हवी होती. बरं, दोघांनी आधी ठरवावं तर एकमेकांकडे पाहायलाही त्यांना वेळ मिळाला नव्हता. मग दिसलं ते काय होतं? दुपारपर्यंत मी चष्मा तीनदा पुसला. विश्रामगृहावर चौकीदाराने "दिसला का, साहेब?" म्हणून विचारलं तेव्हा दोघं एका दमात "नाही" म्हणाले. मग तो माझ्याकडे वळला.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

नवेगावला पाणपक्षी पाहिले, अस्वल पाहिलं आणि मजल दरमजल करत पुरीला पोचलो. समुद्र दिसताच वहिनी जीप थांबायच्या आत उतरल्या. नऊवारीचा ओचा खोचून थेट गुडघाभर पाण्यात. लाट आली की ओरडायच्या आणि गेली की तिच्यामागे जायच्या. गणपतरावांना वाकता येत नव्हतं, म्हणून ते वाळूत उभ्यानेच, हातात वहिनींच्या चपला घेऊन. जीप आता राहणार की जाणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता आणि विचारायचा धीर होत नव्हता.

वहिनीच ओल्या लुगड्याने माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "खरं सांगा, भाऊजी. काय दिसलं होतं तुमाले?"

"पिवळं काहीतरी होतं खरं."

"वाळलं गवतही पिवळंच असते."

"पट्टे होते, वहिनी."

"बांबूची सावली पडते." आणि पलीकडे वळून मोठ्याने, "अजी! पुढच्या साली कुठं जायचं हो?"

गणपतरावांच्या हातातली एक चप्पल खाली पडली.

त्यानंतर ते दोघं दर वर्षी गेले. कान्हा झालं. एकदा दांडेलीच्या जंगलातून कारवारचा समुद्र झाला. वहिनींनी गणपतरावांच्या सीटवर गोधडीची चौपदरी घडी शिवून टाकली होती आणि वाटेत त्या त्यांना तासातासाला उतरून चालायला लावत. परत आल्या की भिंतीवरून मला हाक. "यंदाही नाही दिसला, भाऊजी!" हे त्या अगदी आनंदाने सांगत. मी "अरेरे" म्हणत असे.

शहाऐंशीच्या डिसेंबरात गणपतरावांना गिरणीतच चक्कर आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. त्याच्या दोन-तीन दिवस आधी ते अंगणात जीपची काच पुसत होते.

"श्रीधरराव, यंदा मागची सीट रिकामी आहे."

"कुठे जाताय?"

"केरळात. तिथं पेरियार म्हणून जंगल आहे म्हणते ही. मंग खाली समुद्र."

"थंडी असेल का?"

"तिथं कायची थंडी? पण हूड फाटला आहे. वाटेत वारा लागन. मफलर घ्या."

"बघतो."

"बघतो काहून? घ्या म्हटलं."