डॉक्टरांची नक्कल

आमच्या घरात मुंज असो की बारसं, पंगत उठली की मला गोष्ट सांगावी लागते. अंगात दुसरा गुण नसल्यामुळे मीही आढेवेढे घेत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात एका मुंजीत मी शहरातल्या राइट टाउन भागातल्या आमच्या हिंदीभाषी डॉक्टरांची नक्कल केली. चष्मा नाकावर, मान कागदात. "बीपी की गोली, ज़िंदगी भर चलेगी. चलो, अगला!" वर पुस्ती जोडली, "म्हणजे त्यांच्या बंगल्याचा दुसरा मजला होईपर्यंत!" लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त आत्या हसली.

पावसाळ्यात आत्या चक्कर येऊन पडली. हाडं शाबूत राहिली हे नशीब. मी तिला ऑटोत घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. बीपी भलतंच चढलेलं.

"अम्मा, गोली बंद की क्या?"

"कब की," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "भतीजे ने बताया ना, बंगले के लिए देते हैं आप."

मी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता वाचू लागलो, जणू उद्या माझा पेपर होता.

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, खुर्ची आत्याजवळ ओढली. "मैंने भी कहाँ समझाया था?" मग सावकाश सांगितलं: बीपी चढलं तरी बरेचदा कळत नाही, गोळी ते आटोक्यात ठेवते, बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय सोडायची नाही. "अब आप मुझे समझाइए."

आत्याने सगळं म्हणून दाखवलं. मग हळूच विचारलं, "और उपास के दिन?"

"उस दिन भी, अम्मा."

ऑटोत मी म्हणालो, "आत्या, मी गंमत करून राहिलो होतो गं."

"मला काय माहीत? तेव्हा डॉक्टरचं बोलणं कळलं नव्हतं. तुझं कळलं."

गणपतीत आरती झाल्यावर फर्माईश आलीच, "दादा, तो डॉक्टरवाला किस्सा!" मी उभा राहिलो. या वेळी खुर्ची जवळ ओढणारे डॉक्टर केले, आत्याचं पडणंही सांगितलं. कुणी हसेना.

"अन् बंगला?" मेहुण्याने आठवण करून दिली.

"तो मी बांधला होता," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून धाकट्या काकूचा आवाज आला, "काहून रे, मग मी पण माझी गोळी सुरू करू का परत?"

माझी मान वर होईना. "उद्या सकाळी तयार राहा, काकू," एवढंच म्हणालो. "डॉक्टरांनाच विचारू."