मामांचे भांडखोर शब्द

आमच्या चिंचवडच्या मामांइतका भांडणाचा भोक्ता आणि भांडायला भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पेशानं शाळामास्तर, पण गावच्या उत्सवात दरवर्षी नाटक बसवायचं ते त्यांनीच. "माणसं भांडत नसतात रे, शब्द भांडतात," हे त्यांचं ठाम मत. नाटकाची वही हाती आली की बापाच्या वाक्यातलं 'घर' लाल पेन्सिलीनं आणि लेकाच्या वाक्यातली 'वाट' निळ्या पेन्सिलीनं अधोरेखित करायचे. ज्या पानावर अशी जोडी सापडली नाही ते पान नाटकातून बाद. हे खूळ नाटकापुरतं राहिलं असतं तर ठीक, पण मी माझ्या लग्नाची पत्रिका कौतुकानं दाखवायला नेली, तर त्यांनी ती दोनदा वाचली आणि हळहळले. सगळं मंगलच मंगल, विरोध कुठंच नाही, हे काही उभं राहायचं नाही म्हणाले. माझी आई महिनाभर भावाशी बोलली नाही.

त्या वर्षीच्या नाटकात बाप-लेकाचं भांडण होतं. बाप स्वतः मामा, लेक त्यांचाच वसंता. पंचाईत अशी, की खरंही भांडण चालूच होतं. वसंता पिंपरीच्या कारखान्यात लागला होता आणि कंपनी त्याला कायमचं कलकत्त्याला पाठवत होती. एकुलता एक पोरगा मामांना डोळ्यांआड नको होता, पण तसं म्हणायला जीभ रेटेना. मग अबोला. मीठ मागायचं तरी मामीमार्फत. बोलणं व्हायचं ते तालमीत, वहीतल्या शब्दांत. त्यामुळे तालमी काय रंगल्या म्हणून सांगू!

भांडून निघताना लेक म्हणतो, "जातो." या शब्दाखाली मामांनी पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. आपल्यात घरातून निघताना 'येतो' म्हणतात, म्हणून तर 'जातो' हा घाव, असं ते सगळ्यांना समजावत. मामी मात्र धुसफुसत. "परवा निघायचंय पोराला," त्या मला म्हणाल्या, "अन् बापच जातो म्हनायला शिकवतोय, व्हय?"

प्रयोगाला अख्खा गाव लोटला. वसंता उंबरठ्याच्या जागी ठेवलेल्या फळीपाशी थांबला, बापाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "येतो, आबा."

आम्ही विंगेत गार. प्रॉम्प्टर बिचारा 'जातो, जातो' म्हणून घसा फोडायला लागला, ते पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पुढचं वाक्य मामांचं होतं, 'जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस.' पण मामा कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "ये. लवकर ये."

झालं! भांडणच मिटल्यावर पुढचा अंक करायचा कशाचा? आम्ही पडदा पाडला. बाहेर लोक ओरडत होते, कोणी तिकडं डोळेही पुसत होतं. मामा विंगेत आले आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"पडलं रे नाटक," म्हणाले. "पडू दे." आणि चिकटवलेली मिशी सुटेपर्यंत रडले.